घोडा, स्कूटर आणि आमची पश्चिमेची भिंत

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही, तेव्हा शिव्या द्यायच्या तर आधी देऊन घे. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आई माझ्याकडेच असते. झालं.

अण्णांचा फ्लॅट विकायला काढलाय. गिऱ्हाईक मिळालं, तरुण जोडपं आहे, बयाणा दिलाय, रविवारी साठेखतावर सह्या. आणि माझी झोप उडालीय त्या कपाटामागच्या भिंतीपायी. तुला ती माहीत आहे. जुलै लागला की गच्चीतून पाणी झिरपतं, पोपडे सुटतात, आईच्या साड्यांना कुबट वास येतो. दिवाळीनंतर वाळते आणि उन्हाळ्यात अशी खडखडीत होते की काही झालंच नव्हतं. ते दोघं नेमके एप्रिलमध्ये येऊन गेले. तिने टेप लावून ती भिंत मोजली, पलंग बसतो का बघायला. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा.

एजंट म्हणतो, "काका, रंगाचा एक हात मारा आणि पावसाच्या आत रजिस्ट्रेशन उरका." दादा म्हणतो, "डोळे त्यांनाही आहेत, आपण कशाला दवंडी पिटायची?" त्याच्या वाट्यावर धाकटीची फी अवलंबून आहे, त्यामुळे मला जोरात बोलताही येत नाही. सोसायटीला गच्चीसाठी अर्ज दिले, उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी बघू.

शेवटी वकीलबाईंना गाठलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि बेताची काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, मग तो घरात असो की मालकीहक्कात. दडवला तर कलमाच्या शेवटी त्याला सरळ कपट म्हटलंय. यावर दादाचा सवाल: "शेवटचा मजला, वर गच्ची, एवढं दिसत नाही का त्यांना?" गच्ची दिसते रे, गळती कुठे दिसते एप्रिलमध्ये?

आता तुझ्या कामाची गोष्ट. 1872 च्या करार कायद्यात, कलम 17 खाली, एक रोगट घोडा आहे. लिलावात मालक गप्प राहून तो विकतो. ते कपट नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धड आहे असं मी समजेन," तर गप्प बसणं म्हणजे बोलणंच! सुध्या, स्कूटर घेताना मी तुला हेच विचारलं होतं आणि तू आरसा पुसत राहिलास. "मी खोटं कुठे बोललो?" हा तुझा आजवरचा बचाव खारीज. क्लचप्लेटचे पैसे काढ.

पण खरा घोळ रंगाचा आहे. गप्प बसण्यावर वाद घालता येतो; ठाऊक असून झाकणं त्याच कलमात कपट म्हणून वेगळं लिहिलंय. एजंटाने मसुद्यात "फ्लॅट जसा आहे तसा, संपूर्ण पाहणी करून" असं वाक्य घुसवलंय, कारण कलम 55 मुळात "उलट करार नसेल तर" लागू होतं. बाई म्हणाल्या, रंगाखाली झाकलेल्या भिंतीला ते वाक्य तारेल या भरवशावर राहू नका. वर जाहिरातीत "पार्किंगसह". अण्णा गाडी लावायचे त्या जागेचा सोसायटीकडे कागदच नाही! ते मी दादाला न विचारता खोडून टाकलं. त्यावरून झालेलं भांडण सवडीने सांगेन.

मसुद्यात घालायला एक ओळ लिहिलीय: "पश्चिमेकडील शयनगृहाच्या भिंतीस पावसाळ्यात गच्चीतून ओल येते, याची कल्पना लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस दिली आहे." पण सह्यांच्या टेबलावर हे वाचायला देणं म्हणजे त्या पोरांना कोंडीत पकडणं. म्हणून शनिवारी त्यांना घरी बोलावून कपाट ओढून दाखवणार. भाव पाडतील, कदाचित बयाणाही परत मागतील. जे कमी होईल ते माझ्या वाट्यातून जाऊ दे. आत्याच्या घराचं जे झालं ते तू पाहिलंयस, त्यामुळे तुला जास्त सांगत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ओंकारची मुलाखत झाली का? माझ्याकडून विचारायचं राहून जातं.

वाट्याचं मी दादाला अजून बोललेलो नाही. माझं म्हटलं की तो ऐकायच्या आधीच भडकतो, तुझं ऐकून तरी घेतो. शुक्रवारच्या आत त्याला एक फोन कर. संध्याकाळी सातनंतर कर, दुकानात गिऱ्हाइकं असली की तो धड बोलत नाही.

तुझा,
बाळ्या