विषय: गंज न काढता अंडरबॉडीवर कोटिंग मारून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी जुनी गाडी मी तुमच्या वर्कशॉपमध्ये एकाच कामासाठी दिली होती. खालचा गंज काढून अंडरबॉडी पुन्हा धडधाकट करणे, एवढेच ते काम. जॉब कार्डवर तुमच्याच सल्लागाराने लिहिले आहे : ‘दोन्ही सिल व ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर, सडलेला पत्रा कापून नवीन पत्रा वेल्ड करणे, प्रायमर, सीलर, अंडरकोटिंग.’ (सिल म्हणजे दारांखालचा, पेटीसारखा बंद पत्र्याचा लांब भाग.) बिलात वेल्डिंगची मजुरी वेगळी लावली आहे आणि ती मी पूर्ण भरली आहे. प्रत्यक्षात या दोन्ही ठिकाणी यादीतले शेवटचे एकच काम झाले, ते म्हणजे वरून काळे कोटिंग.

हे उघडकीस आले ते चाक पंक्चर झाल्यावर. डाव्या सिलखाली, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावला होता. चाक जमिनीवरून सुटण्याआधीच करकर आवाज झाला आणि जॅकचे डोके कोटिंग फोडून थेट सिलमध्ये घुसले. जॅक खाली घेतल्यावर त्या भोकातून तपकिरी पाणी गळू लागले आणि बराच वेळ गळत राहिले. पाऊस नव्हता, गाडी धुतलेली नव्हती. ते पाणी आतच साठून राहिले होते, कारण सिलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली सगळी भोके तुमच्या माणसांनी कोटिंगने बुजवून टाकली आहेत.

त्यानंतर गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. तिथल्या मिस्त्रींनी आधी सिलवरून चुंबक फिरवले. कडेला ते घट्ट चिकटत होते, मध्यभागी घसरून खाली पडत होते. मग स्क्रूड्रायव्हरने कोटिंग उचकटले, तर वीतभर लांबीचा पापुद्रा एकदम हातात आला आणि त्याच्या आतल्या बाजूला गंजाचे खवले चिकटलेले होते. म्हणजे कोटिंग पत्र्यावर बसलेच नव्हते, ते सुट्या गंजावर बसले होते. त्याच्या शेजारी फायबरची जाळी, जाळीवर पुट्टी आणि मागे नुसती पोकळी. फ्लोअरला एक नवा पत्रा लावलेला दिसतो खरा, पण तो वेल्ड केलेला नाही. सडलेल्या पत्र्यावर ठिगळासारखा ठेवून रिव्हेटने ठोकला आहे आणि त्याच्या कडांना सीलर नाही. सोबत फोटो जोडले आहेत. त्यातला या ठिगळाचा फोटो कृपया मोठा करून पाहा, जुन्या पत्र्याची कुरतडलेली कड त्याच्याखालून डोकावते आहे.

यावर तुमच्या सल्लागाराने फोनवर मला दोन उत्तरे दिली. पहिले म्हणजे, ‘जुन्या गाडीला गंज येणारच.’ येतो, हे मलाही मान्य आहे, आणि म्हणूनच तर गाडी तुमच्याकडे आणली होती. पण हा गंज नवा नाही. जो काढायचे पैसे मी दिले तोच जसाच्या तसा खाली आहे. दुसरे उत्तर असे की, आम्ही रस्ट कन्व्हर्टर मारला होता. कन्व्हर्टरमधले फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून त्याचा स्थिर थर बनवते, हे बरोबर आहे. पण ते पत्र्याला घट्ट धरून असलेल्या पातळ गंजापुरते. पापुद्रे सुटलेल्या गंजात ते खालपर्यंत पोहोचत नाही, आणि जिथे पत्राच उरलेला नाही तिथे कुठलेही आम्ल पत्रा परत आणून देत नाही. भोक पडलेल्या जागेला इलाज एकच : निरोगी धातू लागेपर्यंत कापायचे आणि तिथे नवा पत्रा जोडायचा. हे मी तुम्हाला सांगायची वेळ यावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

गंजावर कोटिंग मारणे हे अर्धवट काम नाही, ते नुकसानीचे काम आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा थर आतून उचलतो. थराला बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आत जाते आणि मग तेच कोटिंग ते पाणी पत्र्याशी धरून ठेवते. त्यात रस्त्यावरचे मीठ मिसळले की गंजण्याचा वेग आणखी वाढतो. उघडा पत्रा निदान वाळतो तरी. शिवाय उघडा गंज डोळ्यांना दिसतो, हात लावून तपासता येतो. तुम्ही माझ्या गाडीचा गंज माझ्यापासून लपवला आणि त्याला आत वाढायला जागा करून दिली. पुट्टीचेही तेच. ती पृष्ठभाग सपाट करण्यासाठी असते, भार पेलण्यासाठी नव्हे, आणि ओल तर ती शोषून घेते.

हा प्रश्न दिसण्याचा असता तर मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. या गाडीला वेगळी चासी नाही. सिल, फ्लोअर आणि खालचे आडवे-उभे मेंबर (पत्र्याचे दांडे) हाच तिचा सांगाडा आहे. बॉडीचा पत्रा असतो साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा, त्याला बळ येते ते पेटीसारख्या बंद आकारामुळे. त्या पेटीचा तळच नसेल तर बाजूने धडक बसल्यावर माझ्या आणि दाराच्या मध्ये काय उरते? माझ्या गाडीत सीटबेल्टचे खालचे टोकही त्याच भागाला बांधलेले आहे. या गाडीत मी माझ्या घरच्यांना बसवून प्रवास केला, कारण तुमच्या बिलावर ‘वेल्डिंग’ असे लिहिले होते.

ब्रेकच्या पाइपवरही तुम्ही तेच काळे कोटिंग मारले आहे. खाली गंज असताना पाइप झाकून टाकला, तर तो किती खाल्ला गेला आहे हे पुढच्या तपासणीत कुणाला दिसणार? हँडब्रेकची केबलही कोटिंगमध्ये लडबडून जड चालते. हे भाग झाकून मग फवारा मारायचा असतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवते. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या कमानीतले काम उत्तम झाले आहे. तिथे पत्रा कड जुळवून बसवला आहे, वेल्डिंग सलग आहे, सांध्यात सीलर भरलेला आहे आणि कोटिंगचा थर सारखा आहे. दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रींनीही त्याला नावाजले. ज्याने ते केले त्याला काम येते, आणि मनापासून करावेसे वाटते. तेव्हा तुमच्याकडे कारागीर नाही, ही सबब मला मान्य नाही. बाकीची गाडी त्या माणसाच्या हाती का दिली नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

माझी मागणी अशी आहे. सिल, फ्लोअर आणि त्यालगतच्या भागावरचे सर्व कोटिंग व पुट्टी तुमच्या खर्चाने काढून पत्रा उघडा करावा आणि तो मला दाखवावा. सडलेला भाग किती कापायचा हे तेव्हा माझ्यासमोर ठरावे. नवा पत्रा सलग वेल्ड व्हावा. चार टाके मारून वर सीलर फासलेला मला चालणार नाही. पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे वेल्डिंगआधी झिंक प्रायमर लावावा आणि उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर चढावा, कारण दमट हवेत उघडे पोलाद काही तासांतच लालसर व्हायला लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, म्हणून सिलच्या पोकळीत शेवटी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत आतून मारायचे गंजरोधक मेण) फवारावे आणि पाणी निघायची भोके मोकळी ठेवावीत. ब्रेकचे पाइप साफ करून तपासावेत आणि जिथे गंजाने खड्डे पडले असतील तिथे बदलावेत. काळे कोटिंग मारण्यापूर्वीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो मला मिळावेत. गाडी परत देताना तुम्ही जे फोटो पाठवले होते, त्यांत फक्त चकाकता काळा तळ दिसत होता.

हे करायची तयारी नसेल, तर सिल, फ्लोअर व अंडरकोटिंगसाठी घेतलेली सर्व रक्कम आणि हे कोटिंग खरवडून काढायला दुसरीकडे येणारा खर्च मला परत करावा. तुमची वॉरंटी ‘फक्त कोटिंग निघाल्यास’ आहे असे मला सांगण्यात आले. कोटिंग निघालेलेच आहे. आणि न केलेल्या वेल्डिंगचे पैसे घेणे हा वॉरंटीचा विषयच नाही.

गाडी सध्या मी चालवत नाही, ती दुसऱ्या गॅरेजमध्ये उभी आहे. सिल अजून पूर्ण उघडलेली नाही, म्हणजे तुमच्या माणसाला येऊन सगळे जसेच्या तसे पाहता येईल. येण्यापूर्वी कळवावे, मी स्वतः हजर राहीन. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : जॉब कार्ड व बिलाची प्रत, लिफ्टवर काढलेले फोटो