‘फेटाळली’ म्हणजे ‘शिक्कामोर्तब’ नव्हे

महोदय,

‘सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब’ असे मथळे सर्रास छापले जातात. त्यातला पहिला भाग बरोबर असतो, दुसरा पुष्कळदा चूक.

दिल्लीला जाणारी बहुतेक प्रकरणे थेट अपील म्हणून जात नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका (इंग्रजीत ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’, म्हणजेच ‘एसएलपी’) दाखल होते, मुदत साधारणपणे ९० दिवसांची. तिच्यातली पहिली मागणी एवढीच, की अपील करू द्या. ही परवानगी देण्याचा अधिकार जपून, अपवादानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच प्रीतम सिंग खटल्यात सांगून ठेवले आहे.

परवानगी नाकारणारा आदेश अनेकदा दोन-तीन ओळींचा असतो : हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही, याचिका फेटाळली, प्रलंबित अर्ज असल्यास निकाली. कधी शेवटी ‘कायद्याचा प्रश्न खुला ठेवला आहे’ असेही असते, आणि बातमीतून नेमके तेच गळते. अशा कारणे न देणाऱ्या आदेशाने उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही, म्हणजे तो उच्च न्यायालयाचाच निकाल राहतो; की अनुच्छेद १४१ प्रमाणे देशभर बंधनकारक कायदाही ठरत नाही. कुन्हायम्मद खटल्यात (२०००) हे स्पष्ट झाले, खोडे डिस्टिलरीजमध्ये (२०१९) तीन न्यायमूर्तींनी ते पुन्हा उचलून धरले. आदेशात कारणे दिली असतील, तर त्यात सांगितलेला कायदा बंधनकारक होतो. विलीनीकरण मात्र तेव्हाही होत नाही.

परवानगी मिळाली की चित्र पालटते. ‘एसएलपी’चा क्रमांक जाऊन ‘सिव्हिल अपील’ किंवा ‘क्रिमिनल अपील’ असा नवा क्रमांक पडतो. मग ते अपील एका ओळीत फेटाळले गेले तरी उच्च न्यायालयाचा निकाल त्यात विलीन होतो. नुसती नोटीस निघाली म्हणजे ही परवानगी नव्हे, स्थगिती तर नव्हेच. ‘याचिका दाखल करून घेतली’ हे त्या दिवशी लिहिणे घाईचे ठरते.

हा शब्दांचा कीस नाही. मथळा वाचून पक्षकार हातपाय गाळतो. वास्तविक अशा आदेशानंतरही उच्च न्यायालयात पुनर्विलोकन, म्हणजे त्याच निकालाचा फेरविचार, मागता येते. त्याची मुदत अवघी ३० दिवस, आणि दिल्लीच्या खेपेत गेलेल्या काळाचा विलंब माफ करून घ्यावा लागतो. ‘सगळे संपले’ असे समजून घरी बसलेल्याला ही माफी मिळवणे दिवसागणिक अवघड होत जाते. तोच प्रश्न घेऊन उभे असलेले इतर जमीनधारक किंवा कर्मचारीही दावा सोडून देतात.

आपल्या वार्ताहरांनी आदेशाची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. क्रमांक एसएलपीचा की अपिलाचा, आणि फेटाळताना कारणे दिली की नाहीत, या दोन गोष्टी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात याव्यात.

– एक वाचक