बोटीवरची ‘खात्रीची’ दुकाने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत क्रूझच्या सुट्टीवर आलेला लेख वाचला. व्हिसा, कपडे, उलटीच्या गोळ्या ही सगळी माहिती उपयोगी आहे. मात्र ‘आठवण म्हणून काही घ्यायचे तर बोटीवरून सुचवलेल्या खात्रीच्या दुकानांतूनच घ्या’ हा सल्ला वाचून राहवले नाही. मी वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. दुकानात शिरलो की माझी नजर आधी काट्याकडे जाते, मग मालाकडे. घरच्यांना याचा वैताग येतो, पण त्याला इलाज नाही.

मुलगी सिएटलला असते. तिच्या आग्रहाखातर आम्ही उभयतांनी तिच्या कुटुंबाबरोबर अलास्काची क्रूझ केली. बोट सुटली की पहिल्या मोकळ्या दिवशी थिएटरमध्ये एक व्याख्यान असते. मला वाटले हिमनद्यांवर असेल. होते खरेदीवर! एक हसतमुख बाई पडद्यावर एकेका बंदराचा नकाशा दाखवून कुठल्या दुकानात काय घ्यावे हे सांगत होत्या. तोच नकाशा छापून वाटलाही. त्यात ठराविक दुकाने ठळक, उरलेले गाव जवळजवळ कोरे. सोबत एक फुकट ब्रेसलेटचे कूपन. त्यात अडकवायचे लोलक मात्र बंदरागणिक वेगवेगळ्या दुकानांत मिळणार. म्हणजे नात लोलकासाठी आत शिरणार, तिच्या मागे आई, आणि आईच्या मागे आजी.

नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की या दुकानांनी जाहिरातीसाठी पैसे मोजलेले आहेत. पाकिटावरच्या अक्षराची उंची किती मिलिमीटर असावी, याचेसुद्धा नियम असलेल्या खात्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ते मला दिसले. थिएटरमधल्या किती जणांना दिसले असेल? ‘खात्रीचे’ म्हणजे एवढेच. हमी मिळते, नाही असे नाही. पण ती मुदतीची, आणि ‘मन बदलले’ ही सबब तिच्यात बसत नाही. रत्नागिरीला परतलेल्या माणसाने ती वापरायची तरी कशी?

जुनो ही अलास्काची राजधानी. वस्ती सुमारे ३२ हजार आणि २०२३ मध्ये तिथे बोटीने उतरलेले प्रवासी १६ लाखांहून जास्त. धक्क्यासमोरच्या साउथ फ्रँकलिन रस्त्यावर जवाहिऱ्यांची रांगच आहे. एका दुकानात सौभाग्यवतींना ‘आंटीजी, आइये’ अशी हाक आली. विक्रेता आपल्या उल्हासनगरचा निघाला. उन्हाळ्यात अलास्का, हिवाळ्यात कॅरिबियन, असे त्याचे वर्ष. मुलगा गोड होता, चहाही विचारला. मग त्याने निळी-जांभळी टांझानाइटची अंगठी काढली: जगात एकाच ठिकाणी मिळतो, हिऱ्याहून हजारपट दुर्मीळ, आजच घ्या. हा खडा एकाच भागात सापडतो हे खरे, पण तो भाग म्हणजे टांझानियातले मेरेरानी. पैलू पाडण्याचे काम बहुतेक जयपूरला होते. म्हणजे आफ्रिकेचा दगड, राजस्थानचे कारागीर, उल्हासनगरचा विक्रेता आणि रत्नागिरीचे गिऱ्हाईक. यात अलास्का कुठे आले? त्यातून हा खडा हिरा-माणकापेक्षा बराच मऊ. रोज भांडी घासणाऱ्या हातातल्या अंगठीत तो किती टिकणार, हे मी विचारले तेव्हा सौभाग्यवतींनी माझी बाही ओढली.

तिथल्या मातीतले काही हवे असेल, तर ‘सिल्व्हर हँड’ नावाची खूण शोधावी. अलास्का राज्याची कला परिषद ती देते. कलाकार अलास्कातल्या मान्यताप्राप्त आदिवासी जमातीचा आणि तिथला रहिवासी असावा लागतो, वस्तूही त्याने तिथेच घडवलेली हवी. अस्वल आणि पिल्लाचे चित्र असलेली ‘मेड इन अलास्का’ ही खूण वेगळी. वस्तू अलास्कात बनली एवढेच ती सांगते, आदिवासी कलाकाराने बनवली असे नव्हे. लोक या दोन्हींत गल्लत करतात आणि दुकानदार ती करू देतात.

ही सावधगिरी उगाच नाही. खोटा माल आदिवासींच्या नावावर खपवणे अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरीही अलास्कातल्याच केचिकन बंदरातल्या दोन दुकानांत फिलिपिन्समध्ये कोरून आणलेल्या दगडी मूर्ती आणि लाकडी टोटेम खांब वर्षानुवर्षे ‘स्थानिक’ म्हणून विकले गेले. त्या प्रकरणी २०२३ मध्ये दुकानदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली. माल आपलाच म्हणून सांगायला तिथे आदिवासी माणसेच नेमली होती. नकली मालाच्या कित्येक तऱ्हा मी पाहिल्या, ही नवीन होती.

हूना गावाजवळचे आइसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर मात्र तिथल्या त्लिंगित आदिवासींच्या स्वतःच्या कंपनीचे आहे. माशांच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत दुकाने. तिथे एक बाई सीडरच्या सालीचे कडे विणत बसल्या होत्या. शेजारी पाण्याचे भांडे. सालीची पट्टी बुडवायची, अंगठ्याने निपटायची, पुढचा वेढा घालायचा. साल वसंतात, झाडात रस चढतो तेव्हाच काढतात, असे त्यांनी हात न थांबवता सांगितले. कड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांचे नाव, जमात आणि ती हाताची खूण. सौभाग्यवती भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालतात, इथे सांगितलेले पैसे निमूट मोजले.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ‘उलू’ नावाची अर्धचंद्राकृती पात्याची सुरी दुकानोदुकानी दिसते, तिची धार बाहेरच्या गोल बाजूला असते. ती उत्तरेकडच्या इन्युपिआक आणि युपिक जमातींच्या बायकांची. जुनो-केचिकनच्या त्लिंगितांची नव्हे. विमानात ती हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकावी. आणि वॉलरस या समुद्री प्राण्याच्या दातावरचे कोरीवकाम कितीही मोहात पाडो, घेऊ नये. आदिवासी कारागिराने केलेले असेल तर अमेरिकेत ते कायदेशीर विकले जाते, पण देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. सिएटलच्या बोटी बहुधा परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणजे सरहद्द तिथेच ओलांडली जाते. हे त्या व्याख्यानात कोणी सांगितले नाही.

आपल्या पुरवणीला एकच विनंती आहे. मुंबईहूनही आता क्रूझ सुटतात, तेव्हा असे लेख यापुढे वरचेवर येणार. त्यात दुकानांची नावे छापाल तेव्हा पैसे कोणी कोणाला दिले, हेही त्याच ओळीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक, रत्नागिरी