डॉल्फिन दाखवायचे, की पळवायचे?

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालवणजवळच्या देवबागात निवास-न्याहारी चालवतो. फोनवर खोली घेतानाच पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: "डॉल्फिन नक्की दिसतील ना?" त्यांना तरी काय बोलणार? फलकांवर 'नक्की' असंच लिहिलेलं असतं. मग कर्लीच्या संगमातून सकाळी सुटलेली बोट भोगव्याचा किनारा, निवतीचे सोनेरी कातळ असं सगळं मागे टाकत फक्त डॉल्फिन हुडकत फिरते. नाही दिसले तर बोट चालवणाऱ्या तांडेलाला बोलणी.

निवतीसमोर एखादी करडी पाठ वर आली, की तांडेलांचे एकमेकांना फोन जातात आणि बघता बघता बोटींचा घोळका जमतो. पिल्लू आईला चिकटून श्वास घ्यायला वर येतं, तोच मशीनचा आवाज चढतो. दोघं बुडी मारतात, लांब कुठेतरी निघतात. सगळ्या बोटी तिकडे वळतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात.

आमचे गादे, म्हणजे हे डॉल्फिन, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहणारे. खोल समुद्रात निघून जाणं त्यांना जमत नाही. मासे शोधणं, एकमेकांना हाक देणं, सगळं आवाजावर. आणि तिथेच आपण इंजिनं घुमवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत. त्याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, पिटाळणंही येतं, हे आपल्या विभागाला मी सांगायला नको.

पण नुसता दंड लावू नका, साहेब. हप्त्यावर मशीन घेतलेला तांडेल त्यात भरडेल आणि 'नक्की'चा फलक तसाच राहील. आधी तो फलक उतरवा. गाद्यांपासून किती अंतर राखायचं, जवळ गेल्यावर वेग किती, एका वेळी किती बोटी, हे सागरी मंडळाच्या परवान्यातच घाला. आणि प्रत्येक बोटीवर बोलणारा माणूस द्या. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, निवतीचा किल्ला, वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या: दिवसभर सांगत बसावं एवढं इथे आहे.

'नक्की' म्हटल्याशिवाय पर्यटक थांबत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पाठवा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे कासवांचं काम सुरू केलं. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक भल्या सकाळी दोरीमागे उभे राहतात. कधी एकही पिल्लू बाहेर येत नाही. तरी घराघरांत पाहुणे उतरतात, गावाला चार पैसे मिळतात.

तांडेलांचं प्रशिक्षण पावसाळ्यात घ्या. तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतात. मात्र ते मालवणीत आणि इथल्याच जुन्या मच्छीमारांकडून व्हावं. मुंबईहून स्लाइड घेऊन कुणी आलं तर पोरं चहा पिऊन घरी जातील. जागा आणि जेवण माझ्याकडे.

आपला,
देवबागचा एक निवास-न्याहारी चालक