गुडघ्याबद्दल, पुन्हा एकदा

चिऊ,

फोनवर तू चिडलीस, म्हणून लिहितेय. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही.

तू पाठवलेला शूटिंगचा तुकडा पाहिला. वरून लावलेला कॅमेरा, खाली अंथरलेला कॅनव्हास आणि तुझ्या तळव्यांनी ओढत नेलेला तो निळा रंग. आधी तू दिसतच नाहीस, नुसती रेषा वाढत जाते. मावशी म्हणाली, "हा नाच आहे की चित्र?" मी म्हटलं, गप बघ. पण माझी नजर तुझ्या उजव्या गुडघ्यावरून हलेना. गिरकीतून उतरताना सगळा भार डाव्या पायावर टाकतेस. कॅमेऱ्याला कळलं नसेल.

कॅनव्हासखाली काँक्रीटच होतं ना? नाचाची लाकडी जमीन खालून थोडी दबते, उडी झेलते. काँक्रीट काही झेलत नाही, सगळा दणका सांध्यात जातो. त्यात ओला रंग, आणि दिवे हलवून होईपर्यंत थंड पडलेले पाय. झालं, सुरू झाला माझा उपदेश. रागावू नकोस.

माया डेरेन या दिग्दर्शिकेची नाचावरची 1945ची फिल्म तूच मला दाखवलीस. त्यातला नर्तक टॅली बीटी पाय उचलतो रानात आणि टेकवतो खोलीत! शेवटची ती लांबच लांब झेप तर तुकडे जोडून केलेली. मॅक्लॅरेन या दिग्दर्शकाच्या 1968च्या 'पा द दू' या फिल्ममध्ये काळोखात एका नर्तकीच्या कितीतरी आकृत्या उलगडतात, त्याही फिल्मची तीच चौकट पुन्हा पुन्हा छापून. सोसलं ते यंत्रानं. मग तुमच्या दिग्दर्शकाला सलग एकच शॉट कशाला हवा? जोडकामानं होईल ते गुडघ्याकडून का करून घ्यायचं?

तू म्हणशील, सलग शॉटमध्येच दमलेलं शरीर दिसतं. पटतं मला. तुझा श्वास ऐकू येतो तिथे मी प्रत्येक वेळी थांबते. लहानपणी दादानं खडूनं काढलेल्या चित्रावर नाचून तू ते पार फिसकटलं होतंस, आणि तो रडायला लागल्यावर वर म्हणालीस, "आता ते हलतंय की!" गुडघा तेव्हाही फुटला होता, फ्रॉकखाली लपवला होतास.

शूट पुढे ढकलणार नाहीस, ठाऊक आहे. निदान खाली लाकडी फळ्यांचा थर घालून घे. एमआरआयचा रिपोर्ट बाबांना नको, मला पाठव. ते तुझ्या बाजूनं वाचतात.

आई