‘सामन्याचे तिकीट हमखास’ या ओळीबद्दल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची गडबड ओसरली की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत मे महिन्याच्या परदेश सहलींच्या जाहिराती सुरू होतात. हल्ली त्यांत बिग बेन आणि लंडन आयच्या रांगेत आणखी एक ओळ दिसते : इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्याचे तिकीट हमखास. घरात लिव्हरपूलची लाल जर्सी घालूनच झोपणारे पोर असेल, तर आईबापांची नजर त्या ओळीवरून पुढे सरकत नाही. ही ओळ छापण्याआधी जाहिरातदाराला काय विचारावे आणि कुटुंबाने अशी सहल कशी बेतावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

पहिली अडचण पंचांगाची. प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल फुटबॉल स्पर्धा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते आणि मेच्या उत्तरार्धात संपते. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी लागते ती साधारण मेच्या सुरुवातीला. म्हणजे सुट्टी आणि सामने यांची गाठ पडते जेमतेम तीन आठवडे, आणि त्यात लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड या मैदानावर होणारे सामने एक किंवा दोन. जूनमध्ये नेणारी सहल रिकामे मैदान दाखवून आणते. दिवाळीची सुट्टी त्या मानाने सोयीची. तेव्हा हंगाम भरात असतो. मात्र शरद ऋतूत आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग मध्येच थांबते, ते आठवडे आधी खोडून टाकावेत. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे तासभर मागे जातात आणि त्यानंतर दुपारी पावणेपाचलाच अंधारून येते. भटकंती सकाळी नऊला सुरू केली नाही, तर दिवस हातचा गेला.

दुसरी अडचण जास्त महागात पडते. हंगामाचे वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होते आणि त्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला मांडलेले असतात. ते पाहून विमानाचे तिकीट काढले की फसलात. ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. खालच्या विभागांतल्या छोट्या क्लबांच्या मैदानांवरची गर्दी टिकावी म्हणून घातलेली ही जुनी बंदी आहे. त्यामुळे टीव्हीला जो सामना हवा तो तीनवरून हलवावाच लागतो, आणि लिव्हरपूलचा सामना टीव्हीला जवळजवळ नेहमीच हवा असतो. मग तो शनिवारी साडेबाराला किंवा साडेपाचला जातो, रविवारी जातो, कधी शुक्रवारी नाहीतर सोमवारी रात्री आठला. हा बदल कळतो काही आठवडे आधी; एप्रिल-मेमधल्या सामन्यांचा तर आणखी उशिरा. अपवाद एकच, हंगामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणून ती तारीख सहसा हलत नाही. तिकीटही अर्थात त्याच दिवसाचे सर्वांत दुर्मीळ.

म्हणून आधी लगीन कोंडाण्याचं. वेळापत्रकात शनिवार असेल तर लिव्हरपूलला गुरुवारी पोहोचावे आणि मंगळवारी सकाळी निघावे. पाच रात्री. हॉटेल रद्द करता येईल अशाच दराने घ्यावे आणि लंडन किंवा स्कॉटलंड सामन्यानंतर ठेवावे. बहुतेक सहल कंपन्या नेमके उलटे करतात : आधी लंडनचे तीन दिवस, मग एका रात्रीपुरते लिव्हरपूल. सामना शनिवारचा सोमवारी गेला की बस तोवर एडिंबरोला पोहोचलेली असते. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक तारीख पाहावी. शहरालगत एन्ट्री येथे ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत असते आणि त्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. वेगळा काढावा लागतो, प्रत्येकाचा स्वतंत्र, तान्ह्या मुलाचासुद्धा. प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर साधारण तीन आठवडे धरावेत. मुलाच्या व्हिसावर तो कोणासोबत प्रवास करणार त्या मोठ्या माणसाची नोंद असते. ऐनवेळी वडिलांची रजा रद्द झाली आणि मामा घेऊन निघाला, तर विमानतळावर अडचण येते. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठी भर टाकू नये. ती रक्कम आली कुठून, हा प्रश्न ठरलेला.

आता तिकीट. अॅनफिल्डची आसने सुमारे ६१ हजार. त्यांतला मोठा वाटा वर्षानुवर्षे सीझन तिकीट राखून असणाऱ्यांकडे. उरलेल्यांतली बहुतेक तिकिटे क्लबच्या सभासदांसाठी, आणि नव्या सभासदाच्या वाट्याला येते ती सोडत. म्हाडाच्या सोडतीचा अनुभव असलेल्यांना वेगळे समजवायला नको. कुटुंबातल्या प्रत्येकाचे स्वतःचे सभासदत्व लागते, मुलाचेही. हंगामाच्या पूर्वार्धातल्या सामन्यांची नोंदणी उन्हाळ्यात होते, उत्तरार्धातल्यांची पानगळीच्या सुमारास. थोडक्यात, दिवाळीनंतर जाहिरात वाचून मेच्या सामन्यासाठी सभासद होणाऱ्याची सोडत बहुधा हुकलेली असते. चषक स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांची तिकिटे तुलनेने सोपी, पण प्रतिस्पर्धी आणि तारीख ठरते काही आठवडे आधी. व्हिसा काढून येणाऱ्या घराला त्याचा उपयोग नाही.

मग ‘हमखास’ तिकीट येते कुठून? दोनच वाटा. एक सरळ : क्लबची हॉस्पिटॅलिटी, म्हणजे जेवणखाणासह आसन. ते क्लबच्या संकेतस्थळावर उघड विकले जाते, माणशी काही शे पौंड पडतात, आसने शेजारशेजार मिळतात. तारीख हलली तर तिकीट नव्या तारखेला चालते. विमान आणि हॉटेल मात्र तुमचे तुम्ही बघायचे. चार जणांच्या घराला ही रक्कम जड आहे, पण निदान ती कशाची हे ठाऊक असते.

दुसरी वाट ब्लॅकची. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे तिकीट परवानगीशिवाय विकणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट आणि हे, यांत तिथे कायद्यानेच फरक केला आहे. तिकीट आता कागदाचे नसते, फोनमधल्या वॉलेटमध्ये एनएफसी पास असतो आणि तो दारावरच्या यंत्राला टेकवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ दाखवून दार उघडत नाही. म्हणून दलाल दुसऱ्या कोणाच्या सभासदत्वावरचा पास देतात. कधी तो पास असलेला फोनच सामन्यापुरता हातात ठेवतात आणि नंतर परत मागतात. क्लबला असे खाते संशयास्पद वाटले तर पास रद्द होतो, आणि ते कळते दाराशी, मागे शंभर माणसांची रांग असताना. सगळे सुरळीत झाले तरी चार पास चार खात्यांवरचे. आई एका स्टँडमध्ये, दहा वर्षांची मुलगी दुसऱ्यात. जाहिरातीत तळाला बारीक टाइपात ‘आसने एकत्र असतीलच असे नाही’ छापलेले असेल, तर ते याचेच लक्षण समजावे.

तिकीट नाही मिळाले तर सहल वाया जाते, असे मात्र मुळीच नाही. सामना नसलेल्या दिवशी मैदानाची फेरी करता येते. ड्रेसिंग रूम, खेळाडूंचा बोगदा आणि युरोपियन कपचे सहा विजय सांगणारे संग्रहालय निवांत पाहता येते. सामन्याच्या दिवशी मात्र पूर्ण फेरी नसते, हे आरक्षण करताना विसरू नये. स्टॅनले पार्क ओलांडले की पलीकडे गुडिसन पार्क. शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन १८९२ मध्ये भांडून अॅनफिल्डवरून तिथे गेला, आणि त्या भांडणातूनच लिव्हरपूल क्लब जन्माला आला. पुरुषांचा संघ २०२५ मध्ये तिथूनही हलला आणि ते जुने मैदान एव्हर्टनच्या महिला संघाला मिळाले. सोडतीच्या भानगडीत न पडता, थोड्या पैशांत, शंभर वर्षांहून जुन्या मैदानात बसून उच्च दर्जाचा सामना पाहायचा तर याहून चांगली जागा नाही. घरात फुटबॉल खेळणारी मुलगी असेल तर हाच सामना पहिला धरावा. मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेडमध्ये ट्रॅनमियर रोव्हर्सचे मैदान आहे, तिथेही तिकीट सहज मिळते.

शहर दोन-तीन दिवस पुरून उरते. पिअर हेडवरच्या तीन इमारती, रॉयल अल्बर्ट डॉक, मर्सीवरची फेरीबोट, एकाच होप स्ट्रीटच्या दोन टोकांना उभी असलेली दोन कॅथीड्रल. सरकारी संग्रहालयांना प्रवेश फुकट, पण टेट हे कलादालन आणि मॅरिटाइम म्युझियम दीर्घ नूतनीकरणासाठी बंद ठेवली गेली. जुन्या मार्गदर्शकांत ती अजून उघडी आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करावी. एव्हर्टनचे नवे मैदान ब्रॅमली-मूर या जुन्या गोदीत आहे. गोदीच्या परिसरातल्या अशा नव्या बांधकामांमुळेच युनेस्कोने २०२१ मध्ये लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढले. मुंबईच्या गोदीच्या जमिनींचे काय करावे, यावर वाद घालणाऱ्यांनी तिथे एक फेरी जरूर मारावी.

मराठी कुटुंबाला दोन जागा विशेष जवळच्या वाटतील. एक पोर्ट सनलाइट. लिव्हर बंधूंनी साबण कारखान्यातल्या कामगारांसाठी १८८८ मध्ये वसवायला घेतलेले हे गाव मर्सीरेल या तिथल्या लोकल रेल्वेच्या मार्गावर आहे, स्वतःचे स्टेशन असलेले. आपल्या आज्यांच्या न्हाणीघरातली सनलाइटची वडी मूळची इथली. दुसरी जागा खुद्द अॅनफिल्डमध्ये : कोप. दक्षिण आफ्रिकेत नाताळमधल्या स्पिऑन कोप या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअरांशी लढाई झाली, त्यात लँकाशायरचे पुष्कळ सैनिक पडले, आणि १९०६ मध्ये अॅनफिल्डवर प्रेक्षकांसाठी उभारलेल्या उंच चढणीला तेच नाव मिळाले. त्या टेकडीवरून जखमींना डोल्यांतून खाली आणणाऱ्यांत गांधीजींनी उभारलेले सुमारे ११०० हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक होते. मुलाला कोप दाखवताना हे सांगायला विसरू नये.

सामन्याच्या दिवसाचे काही. अॅनफिल्डला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. मर्सीरेलने सँडहिल्सपर्यंत जाऊन तिथून सॉकरबस, किंवा शहरातून थेट बस. लाइम स्ट्रीट या मुख्य स्टेशनाहून चालत गेल्यास पाऊण-एक तास लागतो. सामना सुटल्यावर आजूबाजूचे रस्ते बंद असतात, टॅक्सी मिळत नाही. वीसेक मिनिटे शहराच्या दिशेने उतरत जावे आणि मग गाडी शोधावी. रात्री आठचा सामना संपवून बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. लंडनची शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली असते. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, हॉटेलवर ठेवावी. आत रोख पैसे चालत नाहीत. फोनची बॅटरी संपली की तिकीट संपले, म्हणून पॉवर बँक खिशात हवी. कोपमध्ये लोक बहुतेक वेळ उभेच असतात. लहान मूल किंवा आजी सोबत असतील तर मेन स्टँड किंवा कुटुंबांसाठी राखलेला भाग घ्यावा. सामना सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी जागेवर असावे. सगळे मैदान गळ्यातले मफलर उंच धरून एका सुरात गाते ते तेव्हा, आणि रांगेत अडकलेल्यांना ते फक्त भिंतीपलीकडून ऐकू येते.

मेन स्टँडजवळ हिल्सबरोचे स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीत बळी गेलेल्या लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. तिथे सेल्फी काढू नये. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे ज्यूरीकडून वदवून घ्यायला कुटुंबांना २०१६ पर्यंत झगडावे लागले. त्या वेळी प्रेक्षकांबद्दल धादांत खोटे छापणारे लंडनचे एक दैनिक आजही त्या शहरातली कित्येक दुकाने ठेवत नाहीत.

रेल्वेसाठी : पाच ते पंधरा वर्षांचे एक तरी मूल सोबत असेल तर ३५ पौंडांचे फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्यावे. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सवलत मिळते. लंडन-लिव्हरपूल एका फेरीतच ते बहुधा वसूल होते. रविवारी रुळांची कामे निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात, तेव्हा विमान गाठायचा दिवस रविवार ठेवू नये.

आपणास विनंती इतकीच, की सामन्याचे तिकीट देऊ करणारी जाहिरात स्वीकारताना तीन गोष्टी छापायला लावाव्यात : सामना नेमका कोणता, तिकीट कोणाच्या नावावर आणि क्लबकडून कोणत्या मार्गाने आलेले, आणि तारीख हलल्यास हॉटेल-विमानाचा खर्च कोणाकडे. उत्तर न देणाऱ्याने ‘मैदानाला भेट’ एवढेच छापावे.

आपले नम्र,
लिव्हरपूलचे काही चाहते, पुणे

ता. क. शाकाहारी मंडळींसाठी : तिथला प्रसिद्ध स्काउस म्हणजे मांस-बटाट्याचा रस्सा, पण मांस न घालता केलेल्यालाही नाव आहे, ‘ब्लाइंड स्काउस’. तेच मागावे, सोबत मुरवलेला लाल कोबी येतो.