विधी मंत्र्यांना खुले पत्र: हुकूमनामा मिळेल, वसुली कुठून करू?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी फोर्टमध्ये दिवाणी दावे चालवणारा वकील. 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरले नाही, हे उत्तम झाले. पण ज्यांचे पैसे आधीच गेले, त्यांनी काय करायचे?

परळचे एक अशील मुलाचा मोबाइल घेऊन आले होते. व्हॉट्सअॅपवरून घेतलेली 'आयडी', म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचे खाते, आणि डिपॉझिटसाठी दर वेळी नवा क्यूआर. पैसे घेणाऱ्याचे नाव कधी किराणा भांडार, कधी मोबाइल रिपेअरिंग. सगळी भाड्याची, म्हणजे पैसे देऊन वापरायला घेतलेली दुसऱ्यांची बँक खाती. साइटच्या तळाशी कुरसाव या कॅरिबियन बेटाचा परवाना. खरा की खोटा, देव जाणे. "साहेब, दावा लावा," म्हणाले. लावायचा कोणावर?

1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करारच रद्दबातल ठरवते. जिंकलेले कोर्टातून मागता येत नाही आणि हरलेले परत मिळवायलाही सरळ वाट नाही. पहिली दुरुस्ती इथेच हवी: बेकायदा चालकाकडून गेलेली रक्कम परत मागण्याचा स्पष्ट हक्क. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत कोर्टांनी अशी रक्कम परत करायला लावली आहे.

तिथेही पुढे घोडे अडलेच. कंपन्या माल्टात, आणि माल्टाने 2023 मध्ये आपल्या गेमिंग कायद्यात कलम 56अ घालून असे परके निकाल मान्य करायलाच नकार दिला. एकाच युरोपीय संघातले देश, तरी ही तऱ्हा. 2025 मध्ये युरोपीय आयोगाला त्यावर कारवाई सुरू करावी लागली. मग आमची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, तिथे कोण विचारणार?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या यादीतल्या देशांशी परस्पर अंमलबजावणीची सोय आहे. त्यांचे हुकूमनामे, म्हणजे दिवाणी कोर्टाचे निकाल, आपण चालवायचे, आपले त्यांनी. संयुक्त अरब अमिराती 2020 मध्ये त्या यादीत आली, म्हणजे मनावर घेतले तर होते. माल्टा, कुरसाव त्यात नाहीत. बोलणी जरूर करा, पण नुसत्या त्या भरवशावर बसू नका. शिवाय त्या कलमातून दंड वगळलेला आहे, त्यामुळे तुमचा 1 कोटीचा दंडही त्या वाटेने वसूल होणार नाही.

पैसा मात्र आधी इथल्याच बँकांतून फिरतो. तो इथेच धरा. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8(8) मध्ये जप्त मालमत्ता नुकसान झालेल्यांना परत देण्याची तरतूद आहे. पण पैसे लावणाऱ्याला 'नुकसान झालेला' म्हणायचे का, यावरच वाद घातला जाईल. तेवढा खुलासा येत्या अधिवेशनात कायद्यात करा. परळच्या त्या अशिलांचे कागद मी अजून परत केलेले नाहीत.

आपला,
एक वकील, फोर्ट, मुंबई